पुलात बसवलेली जीभ

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी, तुमच्या आज्याच्या आज्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं तेव्हा, आमच्या उंबरधोंड गावाला रेल्वे नव्हती. पूलही नव्हता. सावळी नदी मात्र होती, आणि ती तेव्हाही अशीच होती. आठ महिने शेळी, चार महिने रेडा. आता नीट ऐका. मागे बसलेल्यांनी जांभया आत्ताच उरकून घ्या, मध्येच तोंड उघडलं तर गोष्टीतली माशी आत जाईल.

सरकारच्या मनात आलं की आगगाडी आपल्या गावाजवळून न्यावी. का आलं ते सरकारला ठाऊक. कोणी म्हणायचं, कापसासाठी. गावचे हैबतराव पाटील म्हणायचे, "माझ्यासाठी. घोडं आता मला पेलत न्हाई, हे वरपर्यंत कळलंय." पाटलांचं पोट तसं होतंच. चावडीत आधी पोट यायचं आणि मागून पाटील यायचे, असं म्हणतात.

गाडीला नदी ओलांडायची तर पूल हवा, आणि सरकारने पाठवलेल्या गोऱ्या साहेबाला पूल हवा होता दगडाचा. म्हणून वडार आले. गाढवांवर संसार लादून आले, नदीच्या काठाला पालं ठोकली, आणि डोंगराचा काळा दगड फोडायला लागले. दिवसभर टण् टण् टण्. गावातल्या म्हाताऱ्यांची दुपारची झोप गेली ती गेलीच. देवळातला गुरव तेवढा झोपायचा. त्याची झोप देवळाच्या घंटेने मोडत नव्हती, तर छिन्नीने काय मोडणार?

त्या वडारांच्यात एक बाई होती. तिम्मव्वा तिचं नाव. उंच, काळी, कपाळावर गोंदण, कमरेला तंबाखूची चंची. नवरा नव्हता. टोळीचा मुकादम यंकाप्पा हा तिचा धाकटा दीर. बाकीच्या बाया दगड वाहायच्या, चुन्याच्या घाणीला बैल जुंपायच्या, गूळ आणि बेलफळ घालून चुना मळायच्या. तिम्मव्वा यातलं काही करायची नाही. ती बोलायची. तेच तिचं काम होतं.

हसू नका. बोलणं हे काम नव्हे असं ज्याला वाटतं, त्याने बैलाएवढा दगड उचलून दाखवावा. दोर लावायचे, पहारी लावायच्या, वीस-पंचवीस गडी दोराला झोंबायचे. पण एक आधी ओढतो, एक नंतर ओढतो, एक नुसताच तोंड वाकडं करून ओढल्यासारखं करतो. असले गडी तुमच्यातही आहेत, मी नावं घेत नाही. अशाने दगड हलत नाही. सगळ्यांचा जोर एका क्षणाला लागावा लागतो, आणि तो क्षण बनवणारा कोणीतरी लागतो. दुसरीकडच्या टोळ्यांत एकजण नुसती आरोळी देतो आणि बाकीचे "हैश्शा" करतात. तिम्मव्वाची रीत वेगळी. ती दगडाला माणसाचं नाव लावायची.

"ह्यो धोंडा कुणाचा?"

"हैश्शा!"

"पाटलाचं पोट हाय!"

"हैश्शा!"

"आत गावाची भाकर हाय!"

"हैश्शा!"

गडी पोट धरून हसायचे, आणि हसता हसता सगळ्यांचा दम एकदम सुटायचा, एकदम भरायचा. त्या एका दमात दगड चालायला लागायचा. कोकरासारखा यायचा आणि चुन्यात बसायचा. तिम्मव्वाच्या आरोळीवर दगड आपला आपण उठून उभा राहायचा, दोर नुसते शोभेला होते, असं म्हणतात. मी एवढं म्हणणार नाही. थोडं कमी म्हणेन.

गावाला हे कळलं आणि गावाला दुसरा धंदाच उरला नाही. रोज सकाळी जेवण बांधून लोक नदीवर. आज कोणाचा नंबर? एक दगड गुरवाची झोप म्हणून चढला, एक सुताराचा उद्याचा वायदा म्हणून. पाटलांना राग येईल असं वाटलं होतं, पण त्यांनी आपल्या नावाचा दगड कुठला ते विचारून घेतलं आणि पाहुण्यांना नेऊन दाखवायला लागले. "ह्यो मी. खालून तिसरा थर. सगळ्यात मोठा बघा." ज्याचं नाव निघालं नाही तो घरी जाऊन बायकोवर चिडायचा. सगुणा तेलीण तर भाकऱ्यांची चवड घेऊन तिम्मव्वाच्या पालावर गेली.

"का गं, माझ्या नवऱ्याचं घोरणं तुला दिसलं, मी न्हाई दिसले?"

"दिसलीस की. पण तुझ्या मापाचा धोंडा अजून फुटला न्हाई."

दुसऱ्या दिवशी डोंगरातला सगळ्यात वजनी दगड सगुणा तेलिणीचा राग म्हणून वर गेला. सगुणा महिनाभर मिरवत होती.

असा पूल वाढत गेला. खांब झाले, कमानी झाल्या. कडेच्या चार झाल्या आणि मधली राहिली, सगळ्यात मोठी. आता कमान कशी होते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आधी नदीत लाकडाचा सांगाडा उभा करतात. त्याच्यावर दोन्हीकडून दगड चढवत आणतात. मधोमध एक फट राहते. त्या फटीत कळीचा दगड बसला की झालं. तोवर दोन्ही बाजू लाकडावर टेकलेल्या असतात, मग एकमेकींवर टेकतात. भांडखोर जावांसारखं. दोघींना पडायचं असतं, पण एक दुसरीला पडू देत नाही. म्हणून घर शंभर वर्षं उभं राहतं.

कळीचा दगड घडवून झाला. चढणीवरून वर आणून फटीच्या अलीकडे ठेवला. दुसऱ्या दिवशी तो बसवायचा. आणि आदल्याच दिवशी सगुणा तेलीण पुन्हा पालावर गेली. बाई चांगल्या मनाने गेली होती, पण चांगल्या मनाने गेलेल्या बाईमुळेच घोटाळा होतो.

ती म्हणाली, "तिम्मव्वा, साऱ्या गावाची नावं पुलात गेली. तुझ्या नावाचा धोंडा कुठला? मला दाखव, मी हळदकुंकू लावते."

तिम्मव्वाने चंची उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. तिम्मव्वा गप्प! शेजारी चुना मळणारी एक म्हातारी होती, तिला ती शांतता सोसवेना. ती म्हणाली, "आमच्यात आपल्या माणसाचं नाव धोंड्यावर घेत न्हाईत बाई."

"का गं?"

"जीव जातो."

झालं. सगुणा तिथून निघाली ती चालत नाही, पळत. वाटेत जेवढी दारं लागली तेवढ्या दारांत थांबली. आणि नशीब बघा, त्याच दिवशी हैबतराव पाटील जावयाकडून आमरस खाऊन आले होते. किती वाट्या, ते विचारू नका, पाटलांच्यात वाट्या मोजत नाहीत. दिवस मावळायच्या आत पाटील अंथरुणात आडवे. "मेलो! पोट गेलं! माझं पोट पुलात गेलं!"

आता गाव काय म्हणणार? पूल जीव मागतो हे त्या काळी शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पण कोणाचा मागतो ते आत्ता कळलं. ज्याचं नाव दगडावर घेतलं त्याचा! आणि त्या बाईने दोन वर्षं आपली नावं घेतली आणि स्वतःच्यातलं एकही घेतलं नाही! ज्या लोकांनी नाव यावं म्हणून भाकऱ्या नेल्या होत्या तेच आता काठ्या घेऊन निघाले. काहीजण आपापल्या दगडाशी जाऊन गयावया करत होते. सुतार आपल्या दगडाला म्हणाला, "माझं नाव परत दे, उद्या येऊन नक्की घेऊन जातो." दगडाशी बोलतानाही वायदा!

सकाळी सगळं गाव पुलावर. पाटलांना बाजेवर घालून आणलं होतं. बाज वाहणारे चौघे पाटलांपेक्षा जास्त कण्हत होते. पुढे सगुणा, कमरेला पदर खोचून.

"तिम्मव्वा, खरं सांग. तुमच्यातलं नाव का घेत न्हाईस?"

तिम्मव्वा म्हणाली, "माझा नवरा मल्लाप्पा. घाटातल्या पुलावर होतो आम्ही. एक दिवस मी गमतीनं त्याचंच नाव घेतलं. मल्लाप्पाची मिशी म्हनले. समदी हसली. त्योबी हसला. आणि धोंडा अर्ध्यावर असताना दोर तुटला. त्यो खाली हुता."

नदीचा आवाज येत होता.

"तवापास्नं आमच्यात कुणाचं नाव घेत न्हाई."

"आणि आमचं घेतलंस? आमचा जीव सवंग व्हय?"

तिम्मव्वाने खाली बघितलं. "तसं न्हाई गं. भीती आपल्या माणसाची वाटती. तुमची मला वाटलीच न्हाई. तेवढं माझं चुकलं."

हे ऐकून काही काठ्या खाली गेल्या, काही तशाच राहिल्या. पण भांडण पुढे सरकायच्या आत साहेब ओरडला. साहेबाला मराठी बेताचंच, पण डोंगराकडे दाखवलेलं बोट सगळ्यांना कळलं. इकडे डोक्यावर लख्ख ऊन, आणि तिकडे वर सावळीच्या उगमाकडे आभाळ काळं शाईसारखं कोसळत होतं. अवेळी, पंधरवडा आधी. म्हणजे दुपारपर्यंत लोंढा येणार. लोंढा आला की लाकडाचा सांगाडा जाणार. सांगाडा गेला की बिनकळीची कमान दोन्हीकडून नदीत पडणार. आणि एवढा दगड, एवढं लाकूड खालच्या वळणावर अडकलं की नदी जाणार कुठे? वळणावर काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. तिथेच आत्ता तुम्ही बसलाय.

म्हणजे दगड आत्ता बसला पाहिजे. आत्ताच्या आत्ता.

यंकाप्पा ओरडला, "धरा दोर!" गड्यांनी दोर धरले. "हैश्शा!" एकाने आधी ओढलं, एकाने नंतर. दगड ढिम्म. दोन वर्षं त्यांना नावावर उचलायची सवय लागलेली, नुसत्या आरोळीवर हात एकत्र येईनात.

"वैनी, नाव घे!"

"कुणाचं घेऊ?"

तिने गावाकडे बघितलं. गाव मागे सरकलं. गुरव लोकांच्या पाठीमागे गेला, म्हणजे जागा होता म्हणायचा. तिने साहेबाकडे बघितलं. साहेबाने टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "हमारा नाव नको." एकजण म्हणाला, देवाचं घ्या. खंडोबाचं घेतलं. सगळ्या गड्यांनी दोर सोडून हात जोडले. मग कोणी म्हणालं, पाटलांच्या कुत्र्याचं घ्या. मोत्याचं नाव घेतलं, दगड बोटभर उचलला, आणि बाजेवरून पाटील किंचाळले, "माझं कुत्रं मारता व्हय रे!" दगड पुन्हा खाली.

तिकडे वरच्या अंगाला नदीचं पाणी लाल व्हायला लागलं.

तिम्मव्वाने तोंडातली तंबाखू थुंकली, लुगड्याला हात पुसले, आणि कमानीवर चढून फटीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, दगडाच्या समोर. तिला तिथे बघून यंकाप्पाचा चेहरा उतरला.

"वैनी, नको. तू त्याचं नाव घेतलंस तवा काय झालं, ते मी बघितलंय."

"मीबी बघितलंय. तुझ्यापेक्षा जवळनं. यंकाप्पा, दोर बघितलास का?"

"आं?"

"त्या दिवशी नाव घ्यायच्या आधी दोर बघायला पायजे हुता. आज बघ. हातानं चाचपून बघ, या टोकापास्नं त्या टोकापर्यंत."

यंकाप्पाने दोर चाचपला. एका ठिकाणी त्याचा हात थांबला. पीळ सुटत आला होता. त्याने मुकाट्याने तो दोर काढून दुसरा लावला, तोही चाचपला. मग त्याने मान हलवली.

तिम्मव्वा गावाकडे वळली. "गडी कमी पडत्यात. काठ्या टाका आणि दोराला या. आणि हसायचं मनापास्नं. अर्ध्या हसण्यानं धोंडा अर्ध्यातनं फिरतो."

कोणीही पुढे येईना. मग बाज करकरली. हैबतराव पाटील उठले, पोट सावरलं, आणि सगळ्यात मागे जाऊन दोराचं टोक कमरेला गुंडाळून उभे राहिले. म्हणाले, "पोट गेलंच हाय, तर ओझ्याला तरी उपयोगी येऊ दे." पाटील गेल्यावर गाव मागे कसं राहणार? सगुणाही आली. तेली, सुतार, गुरव, सगळे दोराला.

तिम्मव्वाने श्वास घेतला.

"ह्यो धोंडा कुणाचा?"

"हैश्शा" कोणाच्या तोंडातून निघेना.

"अरं, मेलात का? ह्यो धोंडा कुणाचा?"

"हैश्शा..."

"तिम्मव्वाची जीभ हाय!"

वडारांच्या टोळीत कोणीतरी हुंदका दिला. पण सगुणा तेलीण फस्सकन हसली, कारण ते खरंच होतं, त्या जिभेखाली सगळं गाव एकदा तरी आलं होतं. तिचं हसू शेजारच्याला लागलं, त्याचं पुढच्याला.

"हैश्शा!"

"दोन गावं पुरली न्हाय!"

"हैश्शा!"

दगड उठला.

"नवऱ्याला उचलली न्हाय!"

यंकाप्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडातून हसू. मल्लाप्पा गेल्यापासून तिने त्याचा विषय चेष्टेत कधी काढला नव्हता.

"हैश्शा!"

"यमाच्या बापाला झेपंल काय!"

"हैश्शा!"

आणि दगड फटीत बसला. असा बसला की आत वारा शिरायला जागा राहिली नाही. त्याच्या बसण्याचा आवाज तीन कोसांवर ऐकू गेला, असं म्हणतात. दुसऱ्या गावच्या लोकांना वाटलं, उंबरधोंडचे पाटील जेवून ढेकर देताहेत.

चुना अजून ओला, आणि लोंढा आला. घराएवढ्या उंचीचा, झाडं घेऊन, गढूळ. "खाली उतरा!" म्हणून साहेब ओरडला. सगळे काठाला पळाले. तिम्मव्वा मात्र त्याच दगडावर बसली, पाय खाली सोडून. "माझी जीभ हाय. मी तिला सोडून जाऊ कुठं?" पाण्याने सांगाड्याला धडक दिली. लाकडं कडाकडा मोडली, फिरली, वाहून गेली. साहेबाने डोळे मिटले. लाकडं वळणावरून सुटी सुटी निघून गेली, कुठे अडकली नाहीत. नदी खालून गरजत होती, आणि वर कमान उभी होती. कशाच्याही आधाराशिवाय, एकटी. त्या जावा एकमेकींवर टेकल्या होत्या आणि मध्ये जीभ.

तिम्मव्वा हसली. आणि कमान हसली. पहिल्यांदा त्या कमानीने आवाज परत दिला तो तेव्हा. नदीच्या गर्जनेवरून ते हसू सगळ्या गावाने ऐकलं.

पाटलांची पोटदुखी त्या दिवशी थांबली. औषधाने नाही, आयुष्यात पहिल्यांदा काम केलं म्हणून, असं म्हणतात. असं मीच म्हणतो.

पण गोष्ट इथे संपली नाही. नाव दगडावर गेलं, आता तिम्मव्वा मरणार हे तर ठरलेलं. गावातले लोक रोज सकाळी पालावर येऊन बघायचे.

"काय तिम्मव्वा, कसं हाय?"

"आज न्हाई जमलं. उद्या या. येताना ठेचा आणा."

लोक ठेचा आणायचे. मग दही आणायला लागले. बाई दिवसेंदिवस गुटगुटीत व्हायला लागली. यम एकदा आला होता, असं म्हणतात. रेडा पुलाखाली बांधला, वर गेला, कळीच्या दगडाला हात घातला. हलेना. पाठीला उसण भरली. जाताना रेड्यावर बसताही येईना, चालत गेला. तेव्हापासून ज्यांची नावं पुलात आहेत त्यांच्या घरी यम लवकर येत नाही. हैबतराव पाटील नातवंडांची लग्नं लावून पणतवंडांची बारशी बघून मग गेले, तेही जेवण झाल्यावर.

ही गोष्ट फुटली आणि गाव पुन्हा उलटं फिरलं. काल "माझं नाव काढ" म्हणणारे आज "माझं नाव घाल" म्हणून रांगेत. ज्यांची नावं राहिली होती ते तर रडकुंडीला आले. तिम्मव्वा म्हणाली, "धोंडे संपले. कमानीखाली उभं राहून एकमेकाची नावं घ्या, कमान ठेवून घेईल. पण खरं तेच बोला, आणि हसत बोला. खोटं बोललात तर ती परत फेकंल."

टोळी पुढे गेली, दुसऱ्या नदीवर, दुसऱ्या पुलावर. गाडी सुरू झाली. तिम्मव्वा दर वर्षी दिवाळी झाली, पाणी उतरलं, की आपली कमान बघायला यायची. दगडांच्या सांध्यांत पिंपळाची रोपं उगवलेली असायची. ती गावाला शिव्या घालून उपटायला लावायची आणि सांध्यांत गुळाचा चुना भरून घ्यायची. अशी ती किती वर्षं येत राहिली ते कोणी मोजलं नाही. ज्यांनी तिला म्हातारी पाहिली होती त्यांची मुलंही तिला तेवढीच म्हातारी बघत होती.

मग एका वर्षी ती आली नाही. गाव वाट बघत पुलाखाली उभं होतं. हैबतराव पाटील तेव्हा अगदी थकले होते, पोटसुद्धा बसलं होतं. ते काठी टेकत मधल्या कमानीखाली गेले आणि हाक मारली, "तिम्मव्वा! आलीस का गं?"

कमानीने "आलीस का गं" असं परत म्हणायला हवं होतं. सगळ्या कमानी तसंच करतात. पण वरून, अगदी कळीच्या दगडातून, आवाज आला:

"पोट आलं! पाटील कुठं हाय?"

पाटील मटकन खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले, रडता रडता हसले. तिचं मढं कोणी पाहिलं नाही, तिचं दहन कुठे झालं ते वडारांनाही ठाऊक नाही. गावाला विचाराल तर गाव म्हणेल, ती कुठे गेलीच नाही.

आता शेजारी सिमेंटचा नवा पूल झालाय, सरळसोट, काही न बोलणारा. रूळ तिकडे गेले. जुन्या पुलावरून आता शेळ्या जातात आणि संध्याकाळी लग्न ठरलेली पोरं, त्यांना वाटतं आपल्याला कोणी बघत नाही. पण नव्या पुलावरून जाणारी गाडी आजही दोनदा शिटी देते, एक लांब, एक आखूड. लांब म्हणजे "ह्यो धोंडा कुणाचा", आखूड म्हणजे "हैश्शा". ड्रायव्हर बदलतात, शिटी बदलत नाही.

आणि दिवाळीनंतर, पाणी उतरलं की, आख्खं गाव जुन्या पुलावर जमतं. माणसं दोराने खाली उतरून सांध्यांतली पिंपळाची रोपं उपटतात, गुळाचा चुना भरतात. पण दोराला हात लावण्याआधी तो दोर सगळ्या गावाच्या हातांतून जातो. सरपंच चाचपतो, म्हाताऱ्या चाचपतात, शाळेतली पोरं चाचपतात. कोणाचा हात थांबला तर तो दोर बाद, मग तो कालच आणलेला का असेना. त्या पुलावर आजवर एकही माणूस पडलेला नाही. हे मात्र असं म्हणतात नाही, हे आहे.

प्रत्येक रोपाला एक नाव लागतं. त्या दिवशी आरोळी द्यायचा मान गावात सगळ्यात शेवटी आलेल्या सुनेचा. एरवी जी डोक्यावरचा पदर सरकू देत नाही तिने त्या दिवशी सासूचं, सासऱ्याचं, सरपंचाचं, मास्तरांचं, सगळ्यांचं नाव घ्यायचं आणि खरं तेच बोलायचं. कोणी रागवायचं नाही. ज्याचं नाव राहतं तो वर्षभर तोंड पाडून हिंडतो. गेल्या वर्षी माझं नाव लागलं ते सगळ्यात चिवट रोपाला. काय म्हणाली ते मी सांगणार नाही. तुम्ही पुलाखाली जाऊन विचारा, कमानीने ठेवून घेतलंय.

शेवटी ती सून कळीच्या दगडाजवळ जाते. तिथे रोप कधीच उगवत नाही. तरी सगळे दोर धरतात, सगळे गप्प होतात, आणि ती पोर, कालपरवा या गावात आलेली, पूर्ण ताकदीने आरोळी देते:

"तिम्मव्वाची जीभ हाय!"

"हैश्शा!"

"दोन गावं पुरली न्हाय!"

"हैश्शा!"

"नवऱ्याला उचलली न्हाय!"

"हैश्शा!"

"यमाच्या बापाला झेपंल काय!"

यावर मात्र कोणी "हैश्शा" करत नाही. सगळं गाव कान देऊन ऐकतं. खालून, पाण्यावरून, कमानीच्या पोटातून आवाज परत येतो, "काय? काय? काय?" आणि गाव पिढ्यान्‌पिढ्या वाट बघतंय, पण "झेपंल" म्हणून पुढे आलेला अजून कोणी नाही.